घरच्या घरी पीच कॉब्लर: रसाचं गणित सांभाळून

पीच कॉब्लर हा अमेरिकेच्या दक्षिणेकडचा उन्हाळी गोड पदार्थ. खाली रसाळ पीच, वर मैदा आणि बटरचे खुसखुशीत गोळे, आणि हे सगळं एकाच भांड्यात भाजलेलं. ‘पाय’ (pie) या भाजलेल्या पदार्थासारखी पोळी लाटावी लागत नाही, साचा लागत नाही, कडा दुमडत बसावं लागत नाही. अंडंही लागत नाही, त्यामुळे अंडं न खाणाऱ्या घरांत काहीही न बदलता तो जसाच्या तसा करता येतो.

करायला सोपा असला तरी तो बिघडतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच कारणानं बिघडतो: रस. पीचमध्ये पाणी भरपूर. साखर लागली की ते सुटतं, उष्णता लागली की आणखी सुटतं. त्याला वाट करून दिली नाही तर खाली पातळ पाणी आणि वर गोळ्यांच्या पोटाशी कच्चा लगदा, असं काहीतरी हातात येतं. पुढची कृती याच एका गोष्टीभोवती बांधली आहे. मसाला कोणता, आइस्क्रीम कोणतं हे ज्यानं त्यानं ठरवावं.

फळ कसं घ्यावं

पीच म्हणजे उत्तर भारतातला आडू. महाराष्ट्रातल्या बाजारात तो साधारण मे ते जुलै दिसतो. पंजाबचं फळ आधी येतं, हिमाचल आणि उत्तराखंडचं नंतर. हिमाचलात सिरमौर जिल्ह्यातलं राजगढ पीचसाठी नावाजलेलं आहे. पंजाबची शान-ए-पंजाब ही जात कॉब्लरला उत्तम: गर पिवळा, आणि बी गरापासून सहज सुटते. जॉर्जियाला अमेरिकेत ‘पीच स्टेट’ म्हणतात (पीक मात्र सगळ्यात जास्त कॅलिफोर्नियात निघतं). त्या जॉर्जियातल्या मार्शलव्हिल गावी सॅम्युअल रम्फ यांनी १८७० च्या दशकात एल्बर्टा ही जात काढली आणि तिला आपल्या पत्नीचं नाव दिलं. तीही बी सुटणारी, पिवळ्या गराची. दूरच्या प्रवासात टिकणारं हे फळ रेल्वेनं उत्तरेकडच्या शहरांत पोचलं आणि जॉर्जियाचा पीच देशभर माहीत झाला.

बी सुटणारी जात मिळाली तर काम निम्मं होतं. शिवणीवरून गोल सुरी फिरवून दोन्ही अर्धे उलट दिशांना पिळले की फळ उघडतं. बीला घट्ट चिकटणारी जात आली तर पिळू नका, गराचा चेंदा होईल. तिथे आंब्यासारखे बीच्या बाजूनं कापे काढा.

पिकलेपणा रंगावरून ओळखू नका. लाली उन्हाची असते. देठाजवळचा मूळ रंग बघा: तो हिरवट असेल तर फळ लवकर तोडलेलं आहे, पिवळसर असेल तर ठीक. देठाशी वास यायला हवा आणि अंगठ्यानं हलकं दाबलं तर जरा दबायला हवं. कॉब्लरसाठी पूर्ण मऊ फळ नको, कारण भट्टीत त्याचा मुरांबा होतो. पिकलेलं पण अंगानं घट्ट, असं बघून घ्या. कडक फळ घरी दोन-तीन दिवस बाहेर ठेवलं तर मऊ होतं, वासही येतो, पण गोडी वाढत नाही. झाडावर जेवढी साखर भरली तेवढीच. कच्चा पीच फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्याचं पिकणं बिघडतं, गर कोरडा आणि पिठूळ होतो, आणि तो पिठूळपणा शिजवूनही जात नाही. पिकल्यावर मात्र एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही.

पांढऱ्या गराचे पीच खायला गोड, पण त्यांत आंबटपणा कमी असतो. शिजल्यावर चव सपाट लागते. तेच मिळाले तर लिंबू वाढवा.

साहित्य, सहा जणांसाठी

२० ते २३ सेंटिमीटरचं चौकोनी काचेचं किंवा चिनीमातीचं भांडं घ्या, निदान ५ सेंटिमीटर खोल. ॲल्युमिनियमचं नको, पीचच्या आंबटपणाला ते धातूची चव देतं.

फळासाठी:
पीच १ किलो (मध्यम आकाराचे ७-८, साल आणि बी काढून साधारण ८०० ग्रॅम)
साखर ६० ते ८० ग्रॅम, फळाच्या गोडीप्रमाणे
लिंबाचा रस १ मोठा चमचा
कॉर्नफ्लोअर २ लहान चमचे, फळ फारच रसाळ असेल तर ३
मीठ चिमूटभर
जायफळ, ताजं किसून, पाव लहान चमच्याहून कमी

वरच्या थरासाठी:
मैदा १५० ग्रॅम
साखर ४० ग्रॅम, शिवाय वरून भुरभुरायला २ लहान चमचे
बेकिंग पावडर सव्वा लहान चमचा
खायचा सोडा पाव लहान चमचा
मीठ पाव लहान चमचा (बटर खारट असेल तर घालू नका)
बटर ७० ग्रॅम, फ्रिजमधून काढलेलं कडक
दही ८० ग्रॅम आणि दूध ४० मिली, एकत्र फेटून, तेही गार

मोठा चमचा १५ मिलीचा, लहान ५ मिलीचा, आणि दोन्ही सपाट भरून. सोडा आणि बेकिंग पावडरच्या बाबतीत ‘अंदाजे’ चालत नाही. सोडा थोडा जास्त पडला तरी साबणासारखी चव लागते.

अमेरिकन पाककृतींत इथे बटरमिल्क लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ताक असा घेऊन आपलं पातळ ताक ओतलं की पीठ भज्यांच्या पिठासारखं सैल होतं. तिकडचं दुकानातलं बटरमिल्क विरजलेलं, दाट असतं. दही आणि दूध फेटून तोच दाटपणा येतो. दही बेताचं आंबट हवं, कारण सोड्याला उठायला आंबटपणा लागतो.

दालचिनी घालायची तर चिमूटभर घाला. दक्षिणेकडच्या बऱ्याच घरांत ती सढळ हातानं पडते, पण दालचिनी जास्त झाली की पीचचा नाजूक वास तिच्याखाली दबतो आणि सगळं सफरचंदाच्या पायसारखं लागतं. जायफळ पीचला उठाव देतं. श्रीखंड आणि बासुंदीत जायफळ किती घालायचं याचा ज्यांना अंदाज आहे, त्यांनी तोच हात इथे ठेवावा.

साल काढणं

साल ठेवली तरी कॉब्लर होतो, पण शिजल्यावर ती गरापासून सुटते आणि तोंडात चिवट पट्ट्या येतात. काढलेली बरी.

मोठ्या पातेल्यात पाणी उकळा. शेजारी बर्फाच्या पाण्याचं भांडं ठेवा. प्रत्येक पीचच्या टोकाला, देठाच्या विरुद्ध बाजूला, सुरीनं उथळ फुली मारा, फक्त साल कापेल इतकीच. तीन-चार फळं एका वेळी उकळत्या पाण्यात सोडा आणि ३० ते ४५ सेकंदांत झाऱ्यानं काढून थेट बर्फाच्या पाण्यात टाका. फुलीची टोकं वळून वर आलेली दिसतील. तिथे बोटाची चिमूट लावून ओढलं की साल अखंड उतरते, आणि तिची लाली आतल्या पिवळ्या गरावर हलकी गुलाबी छटा सोडून जाते. एका मिनिटानंही साल सुटली नाही तर फळ कच्चं आहे. पुन्हा उकळत बसू नका, गर बाहेरून शिजून बुळबुळीत होईल. सरळ सोलाण्यानं सोला.

प्रत्येक फळाच्या ८ फोडी करा, फळं लहान असतील तर ६. सव्वा-दीड सेंटिमीटर जाडी ठीक. पातळ काप विरघळतात, फार जाड फोडी मध्ये कच्च्या राहतात. बीभोवतीचा लाल, राठ भाग काढून टाका, तो तुरट लागतो. फोडी झाल्या की लगेच लिंबाचा रस चोळा, म्हणजे काळ्या पडत नाहीत.

रस काढणं, आटवणं

फोडींना साखर आणि मीठ लावा आणि अर्धा तास झाकून ठेवा. तळाशी पाक सुटलेला दिसेल. चाळणीत ओतून तो खालच्या पातेल्यात निथळू द्या. फोडी दाबू नका. निथळलेला रस मध्यम आचेवर आटवून साधारण ६० मिली, म्हणजे ४ मोठे चमचे, करा. मधापेक्षा जरा सैल झाला की पुरे. हा रस फेकून देणारेही आहेत, पण पीचचा सगळा सुवास त्यातच आहे. आटवला की पाणी जातं आणि चव राहते.

आता तो पूर्ण गार करा, मगच त्यात कॉर्नफ्लोअर कालवा. गरम रसात कॉर्नफ्लोअर पडलं की बाहेरून शिजून त्याच्या गुठळ्या होतात आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. गुठळ्या मोडल्यावर हे मिश्रण आणि जायफळ फोडींना हलक्या हातानं लावा आणि सगळं भांड्यात पसरा.

ओव्हन आधीच २०० अंश सेल्सिअसवर (४०० अंश फॅरनहाइट) तापत ठेवलेला हवा. ओटीजी असेल तर वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, आणि पंधरा मिनिटं तापवणं. भांडं त्यात फळांसकट, वर काही न घालता, १२ ते १५ मिनिटं ठेवा, कडेला बुडबुडे येईपर्यंत. ही पायरी गाळू नका. गार फळावर पीठ ठेवलं तर गोळा वरून लाल होतो, पण त्याचं पोट गार, ओल्या फळाला टेकलेलं राहतं आणि शिजत नाही. फळ आधीच वाफाळतं असेल तर गोळ्याला खालूनही उष्णता मिळते.

वरचे गोळे

फळ ओव्हनमध्ये गेलं की हे काम हाती घ्या, आधी नाही. ओलावा लागताच सोडा दह्याच्या आंबटपणाबरोबर हवा सोडू लागतो. पीठ भिजवून अर्धा तास ठेवलं तर ती हवा ओट्यावरच निघून जाते आणि गोळे बसके होतात. कोरडं साहित्य मात्र आधी चाळून ठेवायला हरकत नाही.

मैदा, साखर, बेकिंग पावडर, सोडा, मीठ एकत्र चाळा. कडक बटरचे एक सेंटिमीटरचे तुकडे त्यात टाका आणि बोटांच्या टोकांनी चुरा, तळहात लावू नका. तळहात गरम असतो, बटर वितळून मैद्यात मुरतं. बोटांत तुकडा धरून अंगठ्यानं चपटा करून पिठात सोडायचा, एवढंच. शेवटी मिश्रण जाड रव्यासारखं दिसावं, पण मध्ये मध्ये वाटाण्याएवढे बटरचे तुकडे स्पष्ट दिसले पाहिजेत. ओव्हनमध्ये हेच तुकडे वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पिठाला उचलून पापुद्रे पाडते. चिरोट्यात थरांमध्ये तूप-पिठाचा साटा लावतो, तोच विचार इथे तुकड्यांच्या रूपात आहे.

म्हणूनच बटरऐवजी तूप घालू नका. तुपात पाणी नसतं. मोहन घातल्यासारखं ते पिठात मुरतं आणि गोळे नानकटाईसारखे भुसभुशीत होतात. चवीला वाईट नाही, पण रस प्यायल्यावर त्यांचा भुगा होतो. घरचं लोणी चालेल, पण त्यात पाणी बटरपेक्षा जास्त असतं. गार पाण्यानं धुऊन, दाबून पाणी काढून, मग फ्रीजरमध्ये कडक करून वापरा.

फेटलेलं गार दही-दूध एकदम ओता आणि उलथन्यानं दहा-बारा वेळा वर-खाली करा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. मिश्रण ओबडधोबड, चिकट, चमच्यावरून जड होऊन पडणारं असावं. कणकेसारखं मळलं तर मैद्याला चिकटपणा येतो आणि गोळे पावासारखे चिवट होतात. कणीक वापरायची असेल तर एक तृतीयांश मैद्याच्या जागी घाला, त्याहून जास्त नको, आणि एक-दोन चमचे दूध वाढवा.

गरम भांडं बाहेर काढा. मोठ्या चमच्यानं ८ गोळे फळावर ठेवा, लिंबाएवढे, न थापता. मध्ये बोटभर जागा सोडा. सगळा पृष्ठभाग झाकला तर वाफेला वाट राहत नाही, खालून पीठ उकडल्यासारखं होतं. शिवाय या मोकळ्या जागांतूनच रस वर उसळतो आणि गोळ्यांच्या कडांना चिकटून लालसर पाकासारखा होतो, जो भाग सगळ्यांना आधी हवा असतो. वर साखर भुरभुरा.

भाजणं, आणि झालं हे कसं ओळखायचं

आता आच १९० अंशांवर (३७५ फॅरनहाइट) आणा आणि २५ ते ३० मिनिटं भाजा. भांडं मधल्या जाळीच्या एक घर खाली ठेवा, विशेषतः ओटीजीमध्ये, कारण तिथे वरचा रॉड जवळ असतो आणि गोळे पंधरा मिनिटांतच काळपट होऊ लागतात. तसं दिसलं तर वर फॉइल नुसतं टेकवा, घट्ट गुंडाळू नका. पंखा फिरणाऱ्या ओव्हनमध्ये किंवा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये १५-२० अंश कमी ठेवा. खाली एक ताट किंवा फॉइल घातलेली ट्रे असू द्या, रस उतू जातोच.

घड्याळापेक्षा दोन खुणा बघा. पहिली, बुडबुडे. सुरुवातीला ते बारीक, पाणचट आणि भराभर येतात. कॉर्नफ्लोअर शिजलं की तेच मोठे, जड आणि संथ होतात, पिठलं रटरटतं तसे. असे बुडबुडे कडेला नव्हे, मधोमध दिसले पाहिजेत. कॉर्नफ्लोअर उकळीच्या जवळ जाऊन शिजल्याशिवाय दाट होत नाही, आणि भांड्याचा मध्य सगळ्यात शेवटी तिथे पोचतो. दुसरी खूण, गोळ्याचं पोट. मधला एक गोळा काट्यानं जरा उचलून खालची बाजू बघा: चकचकीत, ओली कणीक दिसली तर आणखी पाच मिनिटं. थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या मध्यात ९३ अंश सेल्सिअस (२०० फॅरनहाइट) यायला हवेत.

बाहेर काढल्यावर निदान अर्धा तास हात लावू नका. उकळता रस पातळच असतो, कॉर्नफ्लोअर धरतं ते निवताना. लगेच वाढलेला कॉब्लर रश्शासारखा वाहतो आणि करणाऱ्याला वाटतं की आपलं प्रमाण चुकलं. कोमट असताना वाढा, बरोबर व्हॅनिला आइस्क्रीम किंवा बिनसाखरेची गार साय.

ओव्हन नसेल तर

गुरं घेऊन फिरणाऱ्या काफिल्यांच्या काळी अमेरिकेच्या पश्चिमेकडे कॉब्लर ओव्हनशिवायच व्हायचा, ‘डच ओव्हन’ नावाच्या जाड बिडाच्या भांड्यात. खाली निखारे, आणि काठ असलेल्या झाकणावरही निखारे. गोव्यात बिबिंकाला वरून निखाऱ्यांची धग देतात, तीच रीत. जाड बिडाचं झाकणाचं भांडं आणि निखारे असतील तर हे आजही जमतं: खाली कमी, वर दुप्पट-तिप्पट निखारे ठेवा, नाहीतर फळ तळाशी लागतं आणि गोळे पांढरेच राहतात. कुकरमध्ये मीठ घालून भाजण्याची युक्ती मात्र इथे फारशी उपयोगी नाही. वरून उष्णता मिळत नाही, गोळे शिजतात पण फिकट आणि मऊ राहतात.

घाईचा प्रकार: ओतायचं पीठ

दक्षिणेकडच्या अनेक घरांत गोळ्यांऐवजी सैल पीठ असतं, आणि त्याचं माप तोंडपाठ असतं: एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध, एक कांडी बटर. ग्रॅममध्ये सांगायचं तर मैदा १२५, साखर २०० (१५० पुरते), दूध २४० मिली, बटर ११३, शिवाय बेकिंग पावडर २ लहान चमचे आणि चिमूटभर मीठ. इथे बटर वितळवायचं. ओव्हन १८० अंशांवर तापत असताना भांड्यातच बटर घालून आत ठेवा, वितळलं की काढा. त्यावर पीठ ओता, त्यावर निथळलेल्या फोडी पसरा. ढवळू नका. फळं खाली जातात, पीठ फुगून त्यांच्याभोवती वर येतं आणि कडा बटरमध्ये तळल्यासारख्या कुरकुरीत होतात. ४५ ते ५५ मिनिटं लागतात. ढवळलं तर बटर पिठात मिसळतं, कडा मऊ पडतात आणि साधा केक होतो. मोठं भांडं घ्या, २३ बाय ३३ सेंटिमीटरचं. लहान भांड्यात मध्य कच्चा राहतो.

डब्यातले आणि गोठवलेले पीच

हंगाम नसेल तर ८५० ग्रॅमचे दोन डबे घ्या आणि चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या. पाकातले असतील तर साखर जेमतेम एक मोठा चमचा, लिंबू मात्र दीड, कारण डब्यातल्या फळात गोडी असते पण धार नसते. साखर लावून मुरवायची गरज नाही. कॉर्नफ्लोअर डब्यातल्याच ४ मोठे चमचे गार पाकात कालवा. बाकी कृती तीच. अमेरिकेत राहणाऱ्यांना गोठवलेल्या फोडी सहज मिळतात. त्या पूर्ण वितळवून, निथळून, तो रसही आटवून घ्या. गोठलेल्या तशाच घातल्या तर फळ गरम व्हायलाच निम्मा वेळ जातो.

उरलेला कॉब्लर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो, पण गोळे रस पिऊन मऊ होतात. मायक्रोवेव्हमध्ये ते आणखी चिवट होतात. १६० अंशांच्या ओव्हनमध्ये १५ मिनिटं, झाकण न ठेवता गरम केले तर वरची कड पुन्हा कुरकुरीत होते. पाहुण्यांसाठी आधी तयारी करायची असेल तर फळ मुरवून, रस आटवून, आणि बटर चुरलेलं कोरडं मिश्रण फ्रिजमध्ये वेगवेगळं ठेवा. दही-दूध मात्र फळाला कडेनं बुडबुडे आल्यावरच ओता.